खर्रा सोडताना हिशेब कोणाला द्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधून मिळतो तो) सोडायचं मनात आहे, सोडून पुन्हा धरला आहे, किंवा घरातल्या कोणाचा सुटावा म्हणून जीव खालीवर होतो आहे, अशांसाठी हे प्रश्न आणि उत्तरं. खर्रा वाईट असतो हे इथे पटवून देणार नाही. ते प्रत्येक खाणाऱ्याला माहीत असतं, आणि तंबाखूच्या पुडीवरचं चित्र बघूनही तो खातोच. अडतं ते पुढे: ठरवलेलं चौथ्या दिवशी, विसाव्या दिवशी, पोळ्याच्या दिवशी टिकवायचं कसं. प्रश्न जसे कानावर येतात तसेच ठेवले आहेत.

सुरुवात कुठून करू? उद्यापासूनच बंद करून टाकू काय?

उद्यापासून नको. आधी एक आठवडा नेहमीसारखाच खा, फक्त रिकामी पन्नी फेकू नका. खिशात ठेवा आणि रात्री घरी आल्यावर एखाद्या डब्यात टाका. बहुतेक जण "दिवसाले तीन-चार" सांगतात. डबा वेगळंच सांगतो. शिवाय दुसऱ्याच्या पन्नीतून घेतलेली चिमूट आपण कधीच मोजत नाही. तिच्यासाठी सकाळी उजव्या खिशात मूठभर चण्याचे दाणे टाका. चिमूट घेतली की एक दाणा डाव्या खिशात. धुऱ्यावर बसलेल्या चार जणांत कोणाला कळतही नाही आणि मोजणी चुकत नाही.

सोबत वेळ लिहून ठेवा. उठल्याबरोबर, संडासला जाताना, जेवणानंतर, डवरताना बैल थांबले की, एसटीची वाट पाहताना. आठवड्याच्या शेवटी तुमच्या तलफेचं वेळापत्रक तुमच्याच अक्षरात समोर येतं. एक गोष्ट त्यात मुद्दाम बघा: उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला खर्रा लागत असेल, तर शरीराला निकोटीनची ओढ पक्की आहे. अशा माणसाने नुसत्या मनाच्या जोरावर न राहता समुपदेशकाची किंवा डॉक्टरची मदत आधीच ठरवून ठेवावी.

एकदम सोडू की कमी-कमी करत जाऊ?

तारीख ठरवून एकदम. इंग्लंडमध्ये सुमारे ७०० सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ठरल्या दिवशी एकदम थांबलेल्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनंतरही टिकून होते. दोन आठवडे कमी करत आणून मग थांबलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. अभ्यास सिगारेटचा होता, खर्ऱ्याचा नव्हे. पण खर्ऱ्यात "कमी करणं" त्याहून अवघड, कारण पन्नीत चिमटी किती उरल्या याला काही मापच नाही. "अर्धाच खाल्ला" म्हणणारा माणूस उरलेला अर्धा खिशात घेऊन फिरत असतो.

दिवस कोणता धरू?

मुहूर्त पाहू नका, कामाचं पाहा. पेरणीची घाई, सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत तो पंधरवडा, हे दिवस टाळा. गहू-हरभऱ्याच्या ओलिताचेही टाळलेले बरे. शेतीची लाईट रात्रीची असली की पंपावर जागं राहायला माणूस खर्ऱ्याचाच आधार घेतो. धानाच्या पट्ट्यात रोवण्याचे दिवस सोडा. चारपाच दिवस थोडं सैल काम असेल आणि घरात लग्न नसेल, असा आठवडा पुरेसा आहे. मात्र "सगळं निवांत झालं की" असं म्हणाल तर शेतकऱ्याच्या घरी तो दिवस येत नसतो.

शेगावले जाऊन महाराजांपुढे शपथ घेतली तर?

घ्या. पायी वारीत घेतलेल्या शपथेवर सुटलेली माणसं गावोगावी आहेत, तुळशीची माळ घातल्यावर सुटलेलीही आहेत. श्रद्धेचं बळ कमी लेखण्यात अर्थ नाही.

अडचण शपथ मोडते त्या दिवशी येते. शपथ मोडलेला माणूस आधी लपतो. घरी सांगत नाही, मंदिरात जायचं टाळतो, आणि "आता मोडलीच तर मोडली" म्हणून पहिल्यापेक्षा जास्त खातो. शपथेत दोनच खाने असतात, पाळली किंवा मोडली. सवय सुटताना मधले दिवसच जास्त असतात. म्हणून शपथेसोबत रोजचा हिशेब हवा, आणि महाराज काही रात्री आठ वाजता फोन करून "आज खाल्ला का?" असं विचारत नाहीत. त्यासाठी जिवंत माणूस शोधावा लागतो.

मग कोणाले सांगू? गावभर सांगून टाकू काय, लाजेपोटी तरी राहीन?

या प्रश्नावर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

गावभर सांगितलं की पहिल्या दिवशी छाती फुगते. चावडीवर दोन माणसं पाठ थोपटतात, काकाजी म्हणतात "शाबास पोट्ट्या", आणि काही न करताच काहीतरी केल्यासारखं वाटतं. चौथ्या दिवशी तेच गाव राखण करायला लागतं. कोणी मुद्दाम पन्नी पुढे करतो, कोणी "दाखव जीभ" म्हणतो. आणि एकदा खाताना दिसलात की पुढची दोन वर्षं तेच ऐकावं लागतं. लाजेने माणूस खायचं थांबवतो असं फार कमी दिसतं. दिसतं ते असं की तो गोठ्यामागे जाऊन खायला लागतो.

गुपचूप सोडणाराही फसतो. कोणालाच ठाऊक नसलं तर मोडताना कोणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

एक माणूस निवडा. एकच. तो कसा असावा? पहिली गोष्ट, तो रागावणारा नसावा. दुसरी, तो हसणारा नसावा. तिसरी, तुमचं नाव घेऊन ठेल्यावर गोष्ट सांगणारा नसावा. त्याने स्वतः कधी खर्रा खाल्ला होता की नाही याला फार महत्त्व देऊ नका, खाऊन सोडलेला असला तर चांगलंच. तो तुमच्यावर अवलंबून नसावा, आणि तुमच्याकडे त्याची उधारी नसावी. पैशाचा संबंध आला की खरं बोलणं अवघड होतं. शाळेतला जुना सोबती, साळा, गावातली आशाताई (आशा स्वयंसेविका), दुसऱ्या गावची मोठी बहीण, असे लोक चांगले निभावतात. बहीण तर फारच चांगली. तिच्याशी खोटं बोलायला जीभ अडखळते आणि ती गावात नसल्यामुळे बातमी फुटत नाही.

अनेक गावांत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सायंकाळची सामुदायिक प्रार्थना होते. तिथे रोज ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं भेटतातच. सोबती तिथला मिळाला तर फोनचीही गरज नाही. प्रार्थना संपल्यावर चपला घालता घालता हिशेब देऊन मोकळं होता येतं.

हा सोबती रोज करतो तरी काय?

तीन प्रश्न विचारतो. आज खाल्ला का? जास्त तलफ कधी आली? उद्या कुठं धोका आहे? बस. दोन मिनिटांच्या आत फोन संपतो. साधारण असा:

"आज?"
"नाही खाल्ला."
"कवा जड गेलं?"
"दुपारी. डवरणं झालं अन् सारे निंबाखाली बसले तवा."
"उद्या?"
"उद्या तालुक्याले जातो, बँकेत."
"बँकेसमोरच ठेला हाय ना बे."
"हाय. बडीशेप घेऊन जातो."

उपदेश नाही, कॅन्सरची आठवण नाही, "पोराबाळांकडे पाहा" नाही. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. उद्याचा धोका आदल्या रात्री तोंडाने बोलून दाखवला की तो समोर आल्यावर माणूस गडबडत नाही. मानसशास्त्रात याला जर-तरची योजना म्हणतात: "जर बँकेसमोर कोणी पन्नी पुढे केली, तर मी तोंडात बडीशेप टाकून आत रांगेत जाऊन उभा राहीन." "मी उद्या खाणार नाही" या नुसत्या निश्चयापेक्षा अशी जागा, वेळ आणि कृती ठरवलेली योजना जास्त वेळा पाळली जाते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

फोन कोणी करायचा? सोडणाऱ्याने. आणि सोबत्याने अर्धा तास वाट पाहून आला नाही तर उलटा लावायचा. रेंज नसलेल्या गावात घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वापरा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी ते सोबत्याला दाखवा.

बायकोलेच सोबती केलं तर?

नको. तिला ठाऊक असावं, तिची मदत असावी, पण हिशेब घेणारी ती नसावी. पैशावरून, सासरवरून, पोरांच्या अभ्यासावरून आधीच जे चालू असतं त्यात खर्राही मिसळतो. भांडण झालं की "तू अशी बोलली म्हणून खाल्ला" हे वाक्य तयारच असतं.

आम्ही तिघं दोस्त मिळून सोडून राहिलो. चालते ना?

चालतं, पण तिघांनी एकमेकांचे सोबती होऊ नका. तिघं बसलेले असताना एकाने "आजच्या दिवस" म्हटलं की तिघंही सुटतात, आणि मग हिशेब कोणाला द्यायचा? सोबत सोडा, हिशेब मात्र प्रत्येकाने बाहेरच्या माणसाला द्या.

पैज लावली तर जोर येते काय?

येतो, पैज नीट बांधली तर. फिलिपिन्समध्ये एका बँकेने सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांना खातं उघडून दिलं. त्यात सहा महिने आपलेच पैसे टाकायचे. शेवटी लघवीची तपासणी. निकोटीन आढळलं नाही तर पैसे परत, आढळलं तर सगळे धर्मादाय कामाला. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. हे खातं ज्यांना देऊ केलं त्यांच्यात सोडणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे तीन टक्क्यांच्या फरकाने जास्त निघालं. दहातल्या एखाद्यानेच खातं घेतलं होतं, हे लक्षात घेता फरक लहान नाही.

आपल्याकडे पैज बिघडते ती पैसे जातात कुठे यावरून. हरणाऱ्याने मटणाची पार्टी द्यायची अशी पैज असली की सगळे दोस्त तुम्ही हरायचीच वाट पाहतात. पैसे अशा माणसाकडे ठेवा ज्याला तुमच्या हरण्यातून काही मिळत नाही, आणि गेलेच तर जिल्हा परिषदेच्या शाळेला जावेत असं आधी लिहून ठेवा.

खर्ऱ्याचे वाचलेले पैसेही डोळ्यांना दिसू द्या. पन्नी २० रुपयांची धरली आणि दिवसाला पाच धरल्या, तर दिवसाचे १००, वर्षाचे ३६,५००. डीएपी खताची थैली १,३५० रुपयांना मिळते त्या भावाने या पैशात सत्तावीस थैल्या येतात. हा हिशेब ऐकून बरेच शेतकरी गप्प होतात. पण पैसे खिशातच राहिले तर ते दुसरीकडे खर्च होतात आणि वाचले असं वाटत नाही. रोज रात्री डब्यात टाका, तोच डबा ज्यात आधी पन्न्या मोजल्या होत्या.

ठेल्यावर जाणं कसं टाळू? सारे तिथंच भेटते.

पूर्ण टाळा असं सांगणं सोपं आहे, पण कापसाचा भाव कळतो तो पानठेल्यावर, मजूर ठरतात ते तिथे, तालुक्याला जाणारी गाडी मिळते तीही तिथे. पहिले दोन आठवडे शक्य तितकं टाळा. जावंच लागलं तर बसू नका, उभ्या उभ्या काम उरका.

त्याआधी एक काम करा, आणि ते पहिल्याच दिवशी: उधारीचं खातं चुकतं करून बंद करा. ठेलेवाल्याला सांगा, "भाऊ, आजपासून माझ्या नावावर लिहू नको." खर्ऱ्याची निम्मी सवय त्या वहीत असते. खिशात सुटे पैसे नसतानाही "लिहून ठेव" म्हटलं की पन्नी हातात येते. खातं बंद असलं की दर वेळी खिशात हात घालावा लागतो, आणि तेवढ्यात माणूस सावध होतो. ठेलेवाला नाराज होईल असं वाटतं. पण तुमच्यासाठी ठेल्यावर चहा, बिस्कीट, रिचार्ज असतंच, गिऱ्हाईक तुटत नाही. तुमच्या आवडीचा चुना ज्याला पाठ आहे, तुम्ही दिसताच जो घोटायला हात घालतो, त्याला आधी सांगून ठेवणं फार महत्त्वाचं. नाहीतर तयार पन्नी नाकारायची पाळी येते.

खर्ऱ्यावर तर बंदी हाय ना? मंग मिळते कसा?

गुटखा आणि पानमसाल्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू आणि खर्राही त्यात आला. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियान दारूसोबत तंबाखू-खर्ऱ्यावर काम करतं, गावातले लोक मिळून विक्री थांबवतात, तालुक्यांत उपचारही मिळतात. ते काम मोलाचं. पण तुमची तारीख पोलिसांच्या धाडीवर ठेवू नका.

गावात सारेच खाते, मी एकटाच काय सोडू?

सारेच खात नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक बिनधुराचा तंबाखू घेणारे निघाले, म्हणजे चारात एक. तुमच्या गावात जास्त असतील. पण न खाणारा माणूस ठेल्यासमोर उभा नसतो म्हणून तो दिसत नाही, एवढंच.

तलफ आली की काय करू?

घड्याळ पाहा. तलफ पाचदहा मिनिटांत उतरते, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. तेवढी मिनिटं हात आणि तोंड गुंतवायचं असतं. पाण्याचे घोट, बडीशेप, भाजलेला ओवा, जवस, आवळ्याची सुपारी, फुटाणे. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला तरी वेळ जातो.

"तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" हा उपाय मात्र नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरवलं आहे. तोंड उघडणं कमी होतं तेही मुख्यतः सुपारीमुळे. आवळ्याच्या सुपारीत खरी सुपारी नाही ना, हे पुडी उलटून वाचा.

लग्न, तेरवी, मंडई... तिथं कसं करू?

खर्रा पुढे करणं हा आपल्याकडे मान देण्याचा प्रकार झाला आहे, म्हणून नाकारणं जड जातं. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) मंडईनंतरच्या, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेनंतरच्या, रात्रभरच्या नाटकाला बसलं की ओळीतून पन्नी फिरत येते, आणि अंधारात कोणी पाहत नसतं. कारण देऊ नका. "डॉक्टरनं मनाई केली" म्हटलं की "एकानं काय होते" हे उत्तर येतंच. "मी खात नाही भाऊ" एवढं म्हणून पन्नी पुढच्या माणसाकडे सरकवा. थांबू नका, हसून विषय बदला. आपल्या मांडवात तर सोपं आहे: पाहुण्यांच्या ताटात खर्रा ठेवूच नका. सुरुवातीला चार म्हातारे कुरकुरतील. जेवण चांगलं असलं की विसरतात.

चिडचिड होते, झोप येत नाही, सकाळी पोट साफ होत नाही. हे ठीक आहे काय?

हो. पहिले दोनतीन दिवस सगळ्यात वाईट, मग उतार. बहुतेक त्रास दोन ते चार आठवड्यांत जातात. घरच्यांना आधी सांगून ठेवा की आठवडाभर मी खेकसलो तर मनावर घेऊ नका.

पोटाचं मुद्दाम सांगतो, कारण या एका कारणाने पुष्कळ जण परत धरतात आणि कोणाला सांगत नाहीत. निकोटीनने आतडी हलतात. ते थांबलं की काही दिवस बद्धकोष्ठ होतं आणि माणसाला वाटतं, "खर्ऱ्याशिवाय आपलं चालतच नाही." सकाळी उठून दोन ग्लास कोमट पाणी, ज्वारीची भाकर, पालेभाजी, रात्री भिजवलेले मनुके किंवा पपई, आणि ठरलेल्या वेळी जाऊन बसणं. आठदहा दिवसांत शरीर आपलं वेळापत्रक धरतं.

औषध, च्युइंग गम काही आहे का?

आहे. निकोटीनची गम दोन मिलिग्रॅमची मिळते. ती चघळत राहायची नसते: हळू चावा, तोंडात चुरचुर लागली की गालात दाबून ठेवा, चुरचुर गेली की पुन्हा दोन-चार चावे, असं अर्धा तास. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा नको. गालात धरून ठेवायची सवय खर्ऱ्याने लागलेलीच असते, तेवढं इथे उपयोगी पडतं. गरोदर बाई, हृदयविकाराचा माणूस आणि ज्याचं तोंड उघडत नाही त्याने आधी डॉक्टरला विचारावं.

राष्ट्रीय तंबाखू-मुक्ती हेल्पलाइन १८००-११२-३५६, फोन मोफत. तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो तोच नंबर. जिल्हा रुग्णालयात तंबाखू-मुक्तीचं समुपदेशन मिळतं. दंत विभागात विचारा.

आणि हे ताबडतोब: तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, गालाला आतून पांढरा किंवा लाल चट्टा आहे, तिखट सहन होत नाही, किंवा दोन आठवडे झाले तरी जखम भरत नाही, तर सोडायची तारीख येईपर्यंत थांबू नका. आधी तोंड दाखवा. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात तपासणी होते.

मी बाई आहे. मशेरी लावते, कधी खर्राही खाते. कोणाले सांगू?

माणूस खातो तर चालतं, बाई खाते तर गावभर होतं. त्यामुळे बाया लपूनच खातात आणि लपूनच सोडायला बघतात. "फक्त दातांना लावते" म्हटलं तरी मशेरी आणि गुडाखू तंबाखूच. हिरडीतून निकोटीन रक्तात जातंच. पोटाशी असताना तर बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो.

बायांना गावभर सांगायचा सल्ला तर चुकूनही देऊ नये. आशाताई हा चांगला पर्याय आहे, तिचं घरी येणं-जाणं कोणाला खटकत नाही. दुसरा पर्याय बचत गटातली एक मैत्रीण. गटाची बैठक ठरलेल्या दिवशी होतेच, हप्ता भरताना दोन शब्द बोलून घ्यायचे. निंदणाच्या ओळीत शेजारी कोण असते हेही पाहा. जिच्या कमरेच्या बटव्यातून डबी निघते, तिची पात पंधरा दिवस सोडा.

वीस दिवस झाले होते, काल एक खाल्ला. सारं वाया गेलं काय?

नाही. पण कालच्यापेक्षा आजचा दिवस महत्त्वाचा. एक खाल्ल्यावर मनात जे येतं, "आता काय उरलं, खाऊन घे," तेच बहुतेकांना पूर्वीच्या जागी नेऊन सोडतं. एका चिमटीतल्या निकोटीनने तेवढं होत नाही.

कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडतो तसा खाडा मांडा. एक दिवस दूध आलं नाही म्हणून कोणी रतीब बंद करत नाही. त्याच रात्री सोबत्याला फोन करा, खाल्लेल्या दिवशी तर नक्कीच करा. सोबत्याने "काहून खाल्ला?" विचारू नये, "कुठं होता, कोणासोबत होता, कवा?" विचारावं. "काहून"चं उत्तर नेहमी बहाणा असतं. "कुठं"चं उत्तर कामाचं असतं, पुढच्या वेळी ती जागा आधी कळते. खाडे बहुतेक एकाच ठिकाणी पडतात: तोच दोस्त, तेच ओलीत, तोच बाजार.

आठवड्यात तीनपेक्षा जास्त खाडे पडले तर मात्र नवी तारीख धरा आणि हेल्पलाइनला फोन लावा.

एकवीस दिवसांत सवय सुटते म्हणते, खरं आहे काय?

नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात (२०१०) नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवसांच्या आसपास लागले. कोणाला १८, कोणाला २५० पेक्षा जास्तही लागतील असा अंदाज निघाला. तोही चांगली सवय लावण्याचा अभ्यास होता, व्यसन सोडण्याचा नव्हे. त्यात एक दिलासा आहे: मधला एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडत नव्हता.

दारूचंही असंच करू काय, एकदम बंद?

थांबा. खर्रा एकदम सोडल्याने जिवाला धोका नाही, दारूचं तसं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन दिवसांच्या आत झटके येऊ शकतात, नंतर भ्रम होऊ शकतो, माणूस दगावूही शकतो. हात थरथरणं, घाम, नसलेलं दिसणं सुरू झालं की रुग्णालयात न्या. दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायची. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांतही हेच लागू; पिणारा तिथेही आहे, फक्त तो डॉक्टरला खरं सांगत नाही.

मोबाईलवर ॲप वापरू काय?

दिवस मोजायला ठीक. ॲपशी खोटं बोलताना काही वाटत नाही, बहिणीशी बोलताना वाटतं.

दोन महिने झाले. तलफ नाही, पण आता जोशही नाही. हिशेब कायले देत बसू?

जोश संपतोच, त्याची वाट पाहत बसू नका. हिशेब जोश नसलेल्या दिवसांसाठीच असतो. आता रोजचा फोन बंद करून आठवड्याचा करा, आठवडी बाजाराच्या दिवशी. पण एक वर्ष पूर्ण जाऊ द्या. शेतकऱ्याचं वर्ष सारखं नसतं. पराटीला बोंडअळी लागली किंवा भाव पडला त्या संध्याकाळी खर्रा आठवतो. पोळा, मंडई, लगीनसराई, रात्रीचं ओलीत, प्रत्येक हंगाम पहिल्यांदा खर्ऱ्याशिवाय काढावा लागतो. नवा हंगाम लागला की पहिला आठवडा पुन्हा रोजचा फोन.

मी सोबती आहे. त्यानं फोन उचलणंच बंद केलं. काय करू?

बहुतेक त्याने खाल्ला आहे आणि तुम्हाला तोंड दाखवायला लाजतो आहे. दोन दिवस थांबा, व्हॉट्सॲपवर प्रश्नांचा भडिमार करू नका, त्याच्या बायकोला तर मुळीच विचारू नका. तिसऱ्या दिवशी त्याच्या वावरात जा. काहीतरी काम काढून जा: फवारणीचा पंप मागायला, बियाणं विचारायला. खर्ऱ्याचा विषय तुम्ही काढू नका. तो अर्ध्या तासात स्वतः काढतो. नाही काढला तर निघताना एवढंच म्हणा, "रात्री आठले फोन करतो, उचलजो." आणि आठला करा.